मोआना, महापूर आणि आमच्या घरातली पाण्याची भीती

उंबरठा:

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

गेल्या शनिवारी कोल्हापुरात आमच्या शाहूपुरीतल्या बिल्डिंगच्या गच्चीवर पोरांसाठी सिनेमा लावला. पडदा म्हणजे पांढरी चादर, वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी ताणलेली. सुट्टी लागल्यापासून पोरं मागं लागली होती, आणि मोठ्या मुलींनी 'मोआना'च हवा म्हणून सांगितलं. २०१६ चा सिनेमा आहे, तुमच्यापैकी बहुतेकांनी मुलांबरोबर पाहिला असेल. मी आजवर स्वयंपाकघरातून तुकड्यातुकड्यांतच पाहिला होता. त्या रात्री पहिल्यांदा सलग पाहिला आणि अजून डोक्यातून जात नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रशांत महासागरातलं एक बेट. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आणि गावाचा नियम असा, की भिंतीपलीकडं कुणी जायचं नाही. गावप्रमुखाची मुलगी मोआना लहानपणापासून समुद्राकडं ओढली जाते. पुढं बेटावरचे नारळ आतून काळे पडायला लागतात, जाळ्यात मासा येईना, आणि ही पोर एकटी होडी घेऊन निघते. वाटेत तिला माउई भेटतो. अर्धा देव, अंगभर गोंदण, हातात भलामोठा गळ, आणि स्वतःबद्दल फार मोठं मत. दोघांचं आधी अजिबात जमत नाही, मग जमतं, मग मोडतं, मग पुन्हा जमतं.

आता आमच्या घरातलं सांगते. माझी लेक नऊ वर्षांची आहे. २०२१ च्या जुलैत महापूर आला तेव्हा ती पाच वर्षांची होती. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा आम्ही पहिल्या मजल्यावर. लाईट गेलेली. ती जिन्याच्या तोंडाशी टॉर्च घेऊन बसली आणि पायऱ्या मोजायला लागली. "आई, तिसरी गेली." थोड्या वेळानं, "आई, चौथी पण गेली." मी तिला तिथून उठवलं नाही, कारण मलाही तेच बघायचं होतं. सकाळी रबरी बोट आली. चढताना तिची एक चप्पल पडली आणि आमच्या पुढं पुढं तरंगत कोपऱ्यापर्यंत गेली. ती रडली नाही, नुसती बघत राहिली.

तेव्हापासून ती पाण्यात पाय घालत नाही. मालवणला दोनदा गेलो, ती वाळूतच बसली. रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी कठड्याच्या बाजूनं चालत नाही.

सिनेमात सुरुवातीला एक प्रसंग आहे. मोआना छोटी होडी घेऊन पहिल्यांदा भिंतीपलीकडं जायला बघते. लाट येते, होडी उलटते, तिचा पाय प्रवाळात अडकतो. कशीबशी किनाऱ्याला येते. मला वाटलं, आता लेक उठून खाली जाणार. ती माझ्या मांडीवर सरकली आणि म्हणाली, "ही पण पडली." पुढचा सगळा सिनेमा तिनं डोळे न हलवता पाहिला.

पण मला लिहायचंय ते वेगळ्याच प्रसंगाबद्दल. रात्रीची वेळ. मोआना चोरून निघायच्या तयारीत सामान भरतेय. दारात आई उभी. आपल्याला वाटतं, आता अडवणार, रडणार, बापाला हाक मारणार. आई एक शब्द बोलत नाही. खाली बसते आणि तिच्याबरोबर सामान बांधायला लागते. मग मिठी. काही सेकंदांचंच आहे हे सगळं. तिथं मला हुंदका आला आणि शेजारच्या काकूंनी विचारलं, बरं वाटत नाही का म्हणून.

गेली चार वर्षं मी सांगत आलेय की पोरगी पाण्याला घाबरते. त्या रात्री लक्षात आलं की मालवणला ती एकदा उठून ओल्या वाळूपर्यंत गेली होती. हाक मारून मागं बोलावणारी मीच.

तुमच्याकडं असं काही झालंय का? लहान मुलांना असा सिनेमा दाखवावा का, कुठल्या वयात, आणि पाण्याची भीती घालवायला तुम्ही काय केलंत? मनापासून विचारतेय.

---

करवीरकर:

वाचताना २०१९ चा पूर आठवला. आमच्या घरात अजून भिंतीवर पाण्याची रेघ आहे, रंग देताना मुद्दाम तेवढी पट्टी सोडली. पावसाळ्यात कोल्हापुरात माणूस माणसाला भेटला की "जेवलास का" च्या आधी "बंधाऱ्याला किती फूट" विचारतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळेला ५५ च्या वर गेलं होतं. मच्छिंद्री झाली, म्हणजे पाणी शिवाजी पुलाच्या ठरलेल्या खुणेपर्यंत चढलं, की पूर्वी माणसं पुलावर पाणी बघायला जायची. आता ते ऐकलं की आधी कागदपत्रांची पिशवी वर ठेवतात.

सिनेमाबद्दल. माझा मुलगा चार वर्षांचा असताना लावला होता. शेवटची ती लाव्हाची राक्षसीण आली आणि तो पलंगाखाली गेला. सहाच्या आधी नको, असं माझं मत. आणि तो चकाकणाऱ्या खेकड्याचा भाग मला लांबल्यासारखा वाटतो. मुलं मात्र तोच पुन्हा पुन्हा लावतात.

---

मूळचा_मंगळवारपेठी:

ताई, छान लिहिलंय. थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

या सिनेमात बापाला जरा खलनायक केलंय असं मला वाटलं. तो "जाऊ नको" म्हणतो, पोरगी जाते, आणि शेवटी पोरगीच बरोबर ठरते. आपल्या मुलांनी यातून काय घ्यायचं? पंचगंगेला पाणी असताना घाटावर उड्या टाकणारी पोरं मी पाहिलीत. एकदा एक पोर वर आलं नव्हतं. मी तेव्हा काठावर होतो. शौर्य आणि आगाऊपणा यातला फरक नऊ वर्षांच्या मुलाला कळतो का?

---

उंबरठा:

राग कशाला. तुमचा प्रश्न माझाही आहे.

पण बापाचं कारण सिनेमात दिलंय, बघा. मोआनाची आईच तिला सांगते. तो तरुणपणी असाच होता, त्यालाही समुद्राचं वेड होतं. मित्राला घेऊन भिंतीपलीकडं गेला, वादळ आलं, मित्र बुडाला, तो त्याला वाचवू शकला नाही. त्याचा नियम तिथून आलाय. मला तो खलनायक नाही वाटला. तो माझ्यासारखाच वाटला.

---

दांडीकिनारा:

मालवणातून लिहितो आहे. आमचं घर रापणीवाल्यांचं, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांचं. आजोबा तांडेल, होडीचे प्रमुख.

मंगळवारपेठीसाहेबांचा मुद्दा मला पटतो, पण दुसऱ्या बाजूनं. सिनेमातला दर्या शहाणा दाखवलाय. तो पोरीला उचलून होडीत ठेवतो, वाट करून देतो. खरा दर्या कुणाला ओळखत नाही. ही गोष्ट मुलांना सिनेमा संपल्या संपल्या सांगायला हवी. आमच्याकडं धाडस म्हणजे उधाणात होडी लोटणं नव्हे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. आजोबांच्या वेळी असे सरकारी नियम नसतानाही पावसाळ्यात होड्या वर काढून झापांनी शाकारून ठेवायचे. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय कुणी पाण्यात होडी घालायचं नाही. आजोबा म्हणायचे, "दर्याक भियाक होया, पण पाठ दाखवूक नको."

दुसरं, सिनेमातली होडी नीट बघा. एका बाजूला, मुख्य होडीपासून थोडं लांब, एक लाकूड आडव्या दांड्यांना बांधलेलं आहे. त्याच्यामुळं लाट आली तरी होडी कलंडत नाही. त्याला आम्ही उलांडी म्हणतो. मालवण, देवबाग, तारकर्लीच्या लहान होड्यांना तुम्ही ती पाहिली असेल. कुठं प्रशांत महासागर आणि कुठं आमचा मालवणचा दांडी किनारा, पण युक्ती तीच. पहिल्यांदा पडद्यावर बघितली तेव्हा मी घरच्यांना ओरडून सांगितलं, "अरे आपली उलांडी!"

ताई, पुढच्या वेळी मालवणला याल तेव्हा मुलीला पाण्यात न्यायची घाई करू नका. आधी वाळूवर ओढलेल्या होडीत बसवा. होडी कोरडी, वाळू कोरडी. तिला उलांडीवर हात फिरवू दे.

---

उंबरठा:

हे फार आवडलं. तिला आत्ताच वाचून दाखवलं. "उलांडी" हा शब्द तिनं चारदा म्हणून बघितला.

---

गणिताच्या_बाई:

मी शाळेत शिकवते. हा सिनेमा मी दरवर्षी सातवीला कोन शिकवताना वापरते.

माउई मोआनाला वाट काढायला शिकवतो तो प्रसंग आठवा. ती हात लांब करून बोटं आकाशाकडं धरते. तो दिखावा नाही. पॉलिनेशियाचे दर्यावर्दी खरोखर हातानं ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजायचे, लाटांची दिशा, पक्षी, ढग वाचायचे. ही विद्या जवळजवळ विसरली गेली होती. १९७६ मध्ये 'होकुलेआ' नावाची जुन्या पद्धतीची जोडहोडी हवाईहून ताहितीला गेली, होकायंत्रसुद्धा न वापरता. वाट दाखवली माउ पियाइलुग यांनी. ते मायक्रोनेशियातल्या सातावल नावाच्या चिमुकल्या बेटावरचे. साधारण चार हजार किलोमीटरचं अंतर, महिनाभराचा प्रवास. एवढं सांगितल्यावर वर्गात टाचणी पडली तरी आवाज येतो.

मग मी गृहपाठ देते. हात ताठ पुढं करून मूठ मिटली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते. कोल्हापूर १६.७ अक्षांशावर आहे, म्हणजे आपल्याकडून ध्रुवतारा क्षितिजापासून पावणेदोन मुठींवर दिसायला हवा. गच्चीवर जाऊन मोजा. मुलं दुसऱ्या दिवशी "बाई, बरोबर आलं" म्हणत येतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आपल्या अरबी समुद्रातले खलाशीही हेच करायचे, गाठी मारलेली दोरी आणि छोटी फळी वापरून. त्या साधनाचं नाव कमाल.

आणखी एक. सिनेमात माउईचा गळ आकाशातही दिसतो. हवाईमधले लोक ज्या ताऱ्यांना माउईचा गळ म्हणतात, तो आपला वृश्चिक. मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास आग्नेयेला बघा. लालसर ज्येष्ठा, आणि खाली वळलेली नांगी. आपण त्यात विंचू बघतो, त्यांनी मासे धरायचा गळ बघितला. मुलीला जरूर दाखवा.

---

तालमीतला:

मी जास्त लिहीत नाही, पण आज राहवलं नाही.

सगळे त्या पोरीबद्दल बोलालेत, मला माउईबद्दल बोलायचंय. आमच्या तालमीत असे लई बघितलेत. अंगानं डोंगर, आत पोकळ. त्याची सगळी ताकद त्या गळात. गळाला तडा जातो तसा तो पोरीला सोडून निघून जातो. लोकांना तो दगाबाज वाटतो. मला तो घाबरलेला वाटला. त्याला जन्मतःच आईबापानं समुद्रात टाकलेलं असतंय, देवांनी वाढवलेलं. गळ नसला तर आपण कोण, हेच त्याला कळत न्हाई. एका कुस्तीत माझा गुडघा गेला तेव्हा मला पण तसंच वाटलं होतं. वर्षभर तालमीच्या गल्लीतनं जायचो न्हाई.

एक दोस्त होता. तो रोज संध्याकाळी घरी यायचा. कुस्तीचं काही बोलायचा न्हाई. बदाम आणायचा, टीव्ही बघायचा, जायचा. आठ महिने. एक दिवस म्हणला, "उद्या खासबागेत मैदान हाय, नुसतं बघायला येतोस का?" गेलो. आता लहान पोरांना डाव शिकवतो.

माउई शेवटी परत येतो, तुटका गळ घेऊन. तिथं मी टाळी वाजवली. ताकद परत आली म्हणून न्हाई, तो परत आला म्हणून.

---

करवीरकर:

तालमीतला, भावा, हे वाचून अंगावर काटा आला. त्या दोस्ताला माझा नमस्कार सांग.

---

कुंचला:

मी चित्रकार, थोडं तांत्रिक लिहितो. पाणी, केस आणि वाळू संगणकावर खरी वाटायला लावणं हे ॲनिमेशनमधलं सगळ्यात कठीण काम, आणि इथं पाण्यालाच पात्र केलंय. तरी मला सगळ्यात आवडतं ते माउईच्या छातीवरचं छोटं गोंदण. ते हलतं, रुसतं, माउईला चिमटे काढतं. बाकी सिनेमा संगणकावरचा, पण ती गोंदणं एरिक गोल्डबर्ग या जुन्या पठडीच्या कलाकाराच्या देखरेखीखाली हातानं रेखाटलेली आहेत. तो छोटा माउईच मोठ्या माउईचं मन आहे. तोंडानं बढाया चालू असताना छातीवरचा त्याला खरं काय ते दाखवतो.

कोल्हापूरकरांनी हे अभिमानानं वाचावं, कारण कागदावरचं चित्र हलतं करायचा नाद आपल्याला जुना आहे. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा तयार केला. १९२९ साली इथं सुरू झालेल्या 'प्रभात' फिल्म कंपनीनं पुण्याला गेल्यावर १९३४ मध्ये 'जंबूकाका' नावाचा व्यंगचित्रपट बनवला. मला मनापासून वाटतं की कोकणातल्या एखाद्या तांडेलाच्या पोरीवर मराठीत असा सिनेमा व्हावा. आमच्या गावात चित्रं काढणारे हात आहेत.

---

उंबरठा:

मराठीवरून आठवलं. गच्चीवर आम्हाला इंग्रजीच लावावा लागला. सात-आठ वर्षांच्या पोरांना अर्धं कळेना. मग आमच्या बिल्डिंगमधला कॉलेजचा मुलगा पुढं बसला आणि आपल्या भाषेत सांगायला लागला. नारळाची चिलखतं घातलेले ते चिमुकले लुटारू आले तेव्हा म्हणाला, "आली बघा शहाळी भांडायला!" माउई होडी पळवतो तेव्हा, "आरं माझी होडी सोड की!" पोरं लोळली हसून. दुसऱ्या दिवशी जिन्यात सगळ्यांच्या तोंडी तेच संवाद. मुलांना आपल्या बोलीत सिनेमा मिळाला की ती तो लगेच आपला करून टाकतात.

---

चिखलीकर:

प्रयाग चिखलीहून. आमचं गाव तर पुराच्या वाटेवरच. २०१९ ला घराच्या आढ्यावर बसलो होतो.

मंगळवारपेठी यांच्या शौर्य आणि आगाऊपणा या प्रश्नावर. त्या पुरात आमच्या गावातली दोन पोरं दहावीतली. पाणी वाढायला लागलं तेव्हा दोघं घरोघर जाऊन दावणीची जनावरं सोडत होती. कमरेएवढं पाणी होतं, छातीएवढं व्हायच्या आधी थांबायचं असं त्यांनी आपसात ठरवलेलं. एकानं दुसऱ्याच्या कमरेला कासरा बांधला होता. एक आत जायचा, दुसरा कासरा धरून बाहेर उभा. छातीला पाणी आलं तसे दोघं परत आले. तीन म्हशी राहिल्या. ते त्यांना आजही लागतं. पण दोघं आहेत.

सिनेमातलं मला आवडलेलं शेवटचं. ती राक्षसीण अंगावर धावून येते आणि पोरगी पळत नाही, हत्यारही उचलत नाही. समुद्राला सांगते, तिला माझ्याकडं येऊ दे. तिनं ओळखलेलं असतं की ही राक्षसीण म्हणजे जिचं काळीज माउईनं चोरलं होतं ती देवीच. पाणी ओसरल्यावर आम्ही नदीला शिव्या घातल्या. आई मात्र घाटावर गेली, ओटी भरली. मी विचारलं, एवढं केलं तिनं तरी? आई म्हणाली, "तिला वाटच ठेवली न्हाई, ती तरी कुठनं जाणार?"

---

मूळचा_मंगळवारपेठी:

चिखलीकर, कासऱ्याचं वाचून बराच वेळ गप्प बसलो. माझा प्रश्न मी मागं घेत नाही, पण उत्तर मिळालं. मुलांना सिनेमा दाखवेन आणि नंतर ही कासऱ्याची गोष्ट सांगेन.

उंबरठाताई, पोहण्याबद्दल. आम्हाला पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलायचे, ते तुमच्या मुलीला अजिबात करू नका. तलावावर उथळ भागात, शिकवणारी बाई असेल तिथं, आणि तुम्ही स्वतः तिच्याबरोबर पाण्यात उतरा.

---

दांडीकिनारा:

जाता जाता. "कोल्हापूरला समुद्र नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, आमच्या मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीकडं होता. १८१२ च्या तहात मालवण इंग्रजांकडं गेलं. तुम्ही आमचेच. या कधीही.

---

उंबरठा:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

बाईंनी सांगितल्याप्रमाणं गच्चीवर गेलो. ध्रुवतारा सापडायला वेळ लागला, दिव्यांचा उजेड फार. लेकीच्या मुठीनं तो दोन मुठींवर आला, माझ्या मुठीनं पावणेदोन. तिची मूठ लहान आहे, आणि हातही, असं बाईंना कळवा म्हणते. वृश्चिक तिला लगेच दिसला. तिला तो गळच वाटतो, विंचू नाही.

मग मालवणला जाऊन आलो. पाऊस सुरू व्हायच्या आत जायचं म्हणून घाईच केली. दांडीवर वाळूत ओढलेली एक होडी होती, तिच्यात ती तासभर बसली. उलांडीला बांधलेल्या दोरीच्या गाठी मोजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, ओहोटी होती तेव्हा, स्वतःहून घोट्यापर्यंत पाण्यात गेली. मी तिच्या ओढणीचं एक टोक धरून मागं उभी होते. तिनं मागं वळून ओढणी सोडवून घेतली, पुन्हा माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आई, तू पण ये ना."

सोमवारपासून तलावावर दोघींचा वर्ग सुरू होतोय, सकाळी साडेसहाला. तिची पिशवी मी आत्ताच भरून ठेवली. टॉवेल, टोपी, चष्मा. ती आली, बघितलं, आणि काही न बोलता माझा टॉवेलही त्याच पिशवीत कोंबला.